गळकं तळं

थंडी पडली की मला विहिरीत डोकावायची सवय आहे. धाराशिवला आमच्या घराच्या आसपास विहीर नाही, म्हणून मी जिन्याखालच्या हौदाचं झाकण उचलून बघते. नळ आदल्या दिवशीच येऊन गेलेला असतो, हौद काठोकाठ असतो, हे सगळं ठाऊक असूनही सकाळी उठते, झाकण उचलते, बघते आणि परत ठेवते. सून म्हणते, "आई, रात्रीतून कोण पिऊन टाकणार आहे ते पाणी?" तिचं बरोबर आहे. पण मार्गशीर्ष लागला, चौकात हुरड्याच्या गाड्या दिसायला लागल्या, की माझा पाण्यावरचा विश्वास उडतो. उन्हाळ्यात असं होत नाही. उन्हाळ्यात पाणी जायचंच, त्यात फसवणूक काही नाही. थंडीत, ज्वारी कंबरेच्या वर आलेली असताना, अंगावर गोधडी असताना जे पाणी जातं, ते मला अजून सोसत नाही.

माझं माहेर जळकोट. हमरस्त्यावरचं गाव, दिवसभर ट्रकांची घरघर. सासर मिळालं परंडा तालुक्यात, सोनारीच्या जवळचं, जिथं आवाज म्हणजे माणसांचा, आणि तोही बहुतेक वेळा भांडणाचा. स्थळ बघायला गेलेल्या माझ्या वडिलांनी शेत विचारलं नाही, घर विचारलं नाही. "पाण्याचं कसं हाय?" एवढंच विचारलं. माझ्या होणाऱ्या सासूबाई, सोजरबाई त्यांचं नाव, पदर सावरत म्हणाल्या, "आमच्या वस्तीला आमची हीर हाय." त्या दुसऱ्या 'आमची'वर त्यांनी असा जोर दिला की वडिलांनी पुढं काही विचारलंच नाही. तिथंच सुपारी फुटली.

सासूबाईंना मी आत्या म्हणायची. आत्यांना त्या विहिरीचा अभिमान का होता ते मला जळकोटातच कळलं होतं, सांगायला कोणी लागलं नाही. आमची वस्ती बौद्धांची. सासऱ्यांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, घरातले देव ओढ्यात सोडून दिले, नमस्कार जाऊन जयभीम आला. पण घागर मात्र गावच्या आडाजवळ, जरा अंतर ठेवून, उभीच राहायची. कोणाला तरी दया यायची, मग "लांब धर" म्हणत वरून पाण्याची धार पडायची. धार अर्धी घागरीत आणि अर्धी पायावर. आत्या सांगायच्या, "पाय मातूर आमचे लई सोच्छ असायचे, बघ." असं बोलून त्या स्वतःच हसायच्या.

बहात्तरच्या दुष्काळानंतर सरकारनं वस्तीला विहीर खोदून दिली, ओढ्याच्या काठाला, गावाच्या खालच्या अंगाला. खोदली खरी, पण पहिली दोन वर्षं तिच्यात पारवे राहायचे. मग वरच्या माळावरचा तलाव भरला आणि विहिरीला पाणी आलं.

तो तलाव सगळ्या गावानं दुष्काळातच बांधलेला. पाटलांच्या सुना आणि वस्तीच्या बाया एकाच उन्हात पाट्या उचलत होत्या, एकच सुकडी खात होत्या. काम संपलं तेव्हा बांधावर दगड बसवला आणि त्यावर अक्षरं कोरली: पाझर तलाव. कामावरच्या ओव्हरसिअरनं सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं म्हणे, की हे पाणी इथं थांबायचं नाही, ते जमिनीत मुरायचं आणि खाली विहिरींना निघायचं, म्हणून याचं नाव पाझर. सगळ्यांनी माना डोलावल्या. ओव्हरसिअर बदलून गेला. राहिला तो दगड, आणि आमच्याकडं पाझरतं ते मडकं फुटकं नाही तर कच्चं, एवढंच लोकांना माहीत. हळूहळू तळ्याचं नाव पडलं गळकं तळं.

मी नांदायला आले ते दिवस या गळक्या तळ्याच्या कृपेचे होते, पण हे तेव्हा कोणी म्हणत नव्हतं. दसऱ्याला तळं भरलेलं असायचं, संक्रांतीच्या आत त्याचा तळ दिसायचा. आणि खाली ओढा मात्र होळीपर्यंत वाहता. ओढ्यात लव्हाळी माजली होती. दगड उचलला की खेकडा. करंजाच्या फांदीवर खंड्या बसायचा आणि तो निळा रंग बघून मी भाकरी थापायची विसरायची. आत्या म्हणायच्या, हा पक्षी त्यांनी लहानपणी बघितला होता, मधल्या सगळ्या वर्षांत कुठं गेला होता कोण जाणे. विहिरीवर आम्ही लसूणघासाचा एक तुकडा केला. घासावर म्हैस आली. म्हशीचं दूध सोसायटीत जायला लागलं.

दूध सोसायटी हे गावातलं नवलच होतं. सकाळी सगळे रांगेत उभे, प्रत्येकाच्या हातात चरवी. माप झालं की दूध एकाच कॅनमध्ये. पाटलांचं, धनगरांचं, आमचं, सगळं एकात. आत्या घरी येऊन मला म्हणायच्या, "दुधाला कुणी लांब धर म्हनत न्हाय गं." सोसायटीचे चेअरमन नाना, तेच गावचे सरपंच. उंच, पांढरा फेटा, बोलायला गोड. आपल्या गावाचं काही तरी चांगलं व्हावं म्हणून खरोखर तळमळणारा माणूस. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून लोक त्यांना नावं ठेवतात आणि मला ते आवडत नाही. एखादा दुष्ट माणूस सापडला असता तर मी कधीच सुटले असते.

शेजारच्या गावाचा तलाव साठवणीचा. त्याच्यात शिमग्यालाही पाणी. त्या गावचे लोक आमच्या लोकांना बाजारात गाठून म्हणायचे, "तुमच्या गावात पोरगी द्यायची तर संगं बादली द्यावी लागंल, तळ्याखाली लावायला." सगळे हसायचे. आमचेही हसायचे आणि घरी येऊन धुमसायचे. स्वतःच्या हातानं बांधलेलं तळं, आणि ते गळकं. नानांना तर ते फार लागायचं.

आमच्याकडची घरं माळवदाची. वर मातीचं सपाट छत. दर वैशाखात गावामागच्या टेकाडावरून पांढरी आणायची, म्हणजे ती पांढरट चिकट माती, तिच्यात काड घालून छतावर पसरायची, पाणी शिंपून पायांनी तुडवायची. मग पाऊस कितीही पडो, घरात थेंब येत नाही. हे काम आमच्याकडच्या पोरासोरांनाही येतं. कुठलं घर कुठं गळतं आणि तिथं किती पांढरी लागते, याच्यावर म्हातारी माणसं दुपारभर बोलू शकतात. तेव्हा गळक्या तळ्यावर उपाय काय, हे गावाला कोणी शिकवायची गरज नव्हती. इतके दिवस सुचलं कसं नाही, याचंच सगळ्यांना आश्चर्य वाटलं.

सभा सोसायटीच्या ओट्यावर झाली. त्या वर्षी दवंडी वस्तीतही आली, बाया-माणसांनी सगळ्यांनी यायचं म्हणून. नाना उभे राहिले. म्हणाले, "आपन माळवद राखतो, मग तळं का राखू न्हाय? समद्यांनी मिळून तळाला पांढरी घालायची. पानी टिकलं तर घास वाढंल, घास वाढला तर दूध वाढंल. सरकारच्या तोंडाकडं कवर बघायचं?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, मीही वाजवल्या. इतकं स्वच्छ, इतकं सगळ्यांच्या भल्याचं बोलणं मी तोवर गावात ऐकलं नव्हतं.

आत्या मागं बसल्या होत्या. त्या उठल्या. त्यांनी पाच-सहा वर्षं विहिरीत डोकावून बघितलं होतं, तळं भरल्यावर विहीर कशी फुगते आणि तळं आटल्यावर कशी हळूहळू उतरते. पण सभेत हे कसं मांडायचं ते त्यांना येत नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "नाना, माठ पाझरला न्हाय तर पानी गार व्हतंय व्हय?"

नाना हसले. चिडले नाहीत. "पर सोजरबाई, समदाच पाझरून माठ रिकामा झाल्यावर तुमी गार काय करनार?"

मोठा हशा पिकला. आमच्या वस्तीतलेही हसले. आत्यांना आयुष्यात पहिल्यांदा गावातल्या माणसानं सभेत 'बाई' लावलं होतं, 'तुमी' म्हटलं होतं, त्यामुळं त्या गडबडल्या. तरी पुन्हा म्हणाल्या, "आमची हीर त्याच पान्यावर हाय." वस्तीतलेच एक म्हातारे त्यांना म्हणाले, "हीर झऱ्यावर असती, सोजर. झरा जमिनीचा. तळ्याचा त्याला काय संबंध?" आणि मग नाना म्हणाले ते वाक्य, ज्याच्यापुढं कोणाचं काही चाललं नसतं. "कामावर जेवन समद्यांचं एक. पंगतबी एक. वस्तीवाल्यांनी डबं आनायचं न्हाय."

आमच्या माणसांचे चेहरे मला आजही दिसतात. ओट्याच्या खाली बसलेली ती माणसं एकदम सरळ झाली. नानांनी विचारलं, कोणाकोणाला मंजूर? सगळे हात वर गेले. आत्यांनी आजूबाजूला बघितलं, आपल्या माणसांकडं बघितलं, आणि त्यांचाही हात वर गेला. परत येताना मी विचारलं तर म्हणाल्या, "त्येंच्या तोंडाकडं बघून न्हाय म्हनू वाटंना गं."

ते काम म्हणजे जत्राच होती. बैलगाड्या टेकाडावरून पांढरी घेऊन तळ्याच्या कोरड्या तळात उतरायच्या. धुरळ्यानं सगळ्यांच्या भुवया आणि केस पांढरे, कोण कोणत्या जातीचं ते ओळखू येऊ नये इतके. काड कालवायची, विहिरींवरून इंजिनानं ओढलेलं पाणी शिंपायचं, बैल घालायचे, आणि बैलांच्या मागं आम्ही बाया. एकमेकींच्या कमरेला धरून ओळीनं तुडवायचं. पायाखाली चिखल आधी गिळगिळीत लागायचा, मग लोण्यासारखा, मग घट्ट. गाणी चालली होती. माझ्या एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला गावातली एक पाटलीण, तिचा घामेजलेला हात माझ्या कमरेभोवती. दुपारी आमटी-भाकरीची पंगत बसली. खरंच एक पंगत. आमच्या वस्तीतले ते झऱ्यावाले म्हातारे जेवता जेवता रडले. आमटीत तिखट फार होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

तेव्हा आत्याही तुडवत होत्या, अगदी मन लावून. हे असं कसं, ते मला फार दिवस समजलं नाही. आता वाटतं, माणूस एकदा ओळीत उभा राहिला की पाय थांबत नाहीत.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. तळं भरलं आणि भरलेलंच राहिलं. दिवाळीला पोरं त्याच्यात पोहली. पांढरीमुळं पाणी दुधाळ झालेलं, गुरं धुवायला चांगलं, प्यायला नाही, पण दिसायला किती सुंदर. शेजारच्या गावचे बघायला आले, गप्प होऊन गेले. तालुक्याचे साहेब जीपमधून आले. बांधावर उभं राहून त्यांनी भरलेलं पाणी बघितलं, 'पाझर तलाव' कोरलेल्या दगडाला टेकून फोटो काढून घेतला, आणि लोकांनी मनावर घेतलं तर काय होऊ शकतं याचं हे उदाहरण आहे, असं म्हणाले. नानांचे डोळे भरून आले होते.

खाली आमच्या विहिरीत पाणी कार्तिकातच दोन पायऱ्या उतरलं. मग मार्गशीर्ष आला. हुरड्याचे दिवस, सगळ्या शिवारात आगट्या पेटलेल्या, भाजलेल्या कणसाचा वास. पहाटे आत्या उठायच्या, अंगावर गोधडी तशीच ओढून विहिरीवर जायच्या, वाकून बघायच्या. पोहरा घालायचे दिवस आले, मग पोहऱ्यात गाळ यायला लागला. ओढा डबक्या-डबक्यांचा झाला. डबक्यांत खेकडे दाटीनं बसलेले, पोरांनी दोन दिवसांत ते संपवले. लव्हाळी पिवळी पडली. खंड्या एक दिवस दिसला नाही, मग दिसलाच नाही. लसूणघास आम्ही घागरीनं जगवायचा प्रयत्न केला, आणि मग घागरच कुठून भरायची हा प्रश्न पडला. म्हैस आटली आणि तिला आम्ही भूमच्या बाजारात पाठवली. सोसायटीच्या रांगेतली आत्यांची जागा मागच्या बाईनं एक पाऊल पुढं सरकून भरून काढली.

खालच्या अंगाच्या दोन-तीन शेतकऱ्यांच्या विहिरीही आटल्या. त्यांनी आपापली इंजिनं उचलून तळ्याच्या काठाला नेली आणि पाइप टाकले. आमच्याकडं इंजिन नव्हतं.

आत्या आणि मी नानांकडं गेलो. नाना सोप्यात बसले होते. सगळं ऐकून घेतलं. उठून आत आवाज दिला, चहा आला. मग त्यांनी फेट्याचा शेमला हातात धरला. म्हणाले, "तुमी म्हनता ते खरं असंल, सोजरबाई. मलाबी वाटाय लागलंय. पर समद्या गावानं मिळून केलंय. आता म्या एकट्यानं खोरं घिऊन ते उकराय गेलो तर लोक मला काय म्हनतील? आन…" अगदी हळू आवाजात म्हणाले, "हात तर तुमीबी वर केला व्हता की."

आम्ही चहा संपवून उठलो. मी मॅट्रिक झालेली, पुढं शाळामास्तरीण झालेली बाई. पोरांना नागरिकशास्त्र शिकवताना 'बहुमत' शब्द आला की मी खडू शोधायला लागायची.

मागच्या महिन्यात इथं एका सभागृहात कार्यक्रम होता. विकास टिकाऊ व्हायचा असेल आणि निसर्ग परत यायचा असेल तर लोकांना बरोबर घेतलं पाहिजे, असं एक तरुण अधिकारी मुलगी सांगत होती. चांगली बोलत होती, तळमळीनं, डोळ्यांत चमक. मला ती फार आवडली. शेवटी तिनं विचारलं, "कोणाला काही बोलायचंय?" काय सांगणार होते मी? लोकांना बोलवू नका? असं कसं म्हणू. न बोलावण्यात आमच्या किती पिढ्या गेल्या. की बोलवा, पण मागं बसलेली एखादी बाई माठाबद्दल काही बोलली तर हसू नका? हेही अपुरं आहे, कारण आम्हीही हसलो होतो. लोक आले नाहीत म्हणून बिघडलं असतं तर मी सांगू शकले असते. लोक आले, सगळे आले, जीव ओतून राबले, आणि आमचं पाणी गेलं. चहा घेऊन मी घरी आले.

त्या वर्षी पौषापासून घागरी पुन्हा गावच्या आडावर गेल्या. पंगतीत माझ्या शेजारी बसलेली, तुडवताना माझ्या कमरेला धरलेली ती पाटलीण पाणी शेंदत होती. तिनं आम्हाला ओळख दिली, हसली, सासरचं-माहेरचं विचारलं. मग पोहरा वर आला तशी सहज, सवयीनं म्हणाली, "जरा लांब धर गं." तिच्या मनात काही नव्हतं. आत्यांनी घागर लांब धरली. मी आडाच्या दगडाकडं बघत राहिले, मला आत्यांच्या पायांकडं बघवेना.

चैत्राअखेर इंजिनांनी तळं उपसून कोरडं केलं. एका दुपारी आत्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली आणि म्हणाल्या, "चल." माळ तापलेला, तळ्याच्या तळात चिटपाखरू नाही. पांढरीला वरवर भेगा पडलेल्या, त्यांत आमच्या बैलांचे खूर आणि बायांची पावलं वाळून तशीच राहिलेली. आत्या मधोमध गेल्या, पदर खोचला आणि पहार घातली. ठण्ण आवाज झाला आणि पहार उडाली. पुन्हा घातली. मग मी घातली. आळीपाळीनं घालत राहिलो, हाताला फोड येईपर्यंत, आणि शेवटी परातीएवढा खड्डा पडला, त्याच्याही खाली तसंच घट्ट, पांढरं. एवढं मोठं तळं चहूबाजूंना पसरलेलं, आणि आम्ही दोघी. आत्या त्या खड्ड्याच्या काठाला बसल्या, तळहातानं वाळलेल्या मातीवरून हात फिरवला, एखाद्या चांगल्या घराच्या माळवदावरून फिरवावा तसा. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "लई चांगलं तुडवलं गं आपन."